मोठ्याने वाचायचा प्रोग्राम

कॉम्प्युटरचा प्रोग्राम मोठ्याने वाचून दाखवणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. शैलाताई उतेकर. पोथी वाचावी तसा त्या प्रोग्राम वाचायच्या. छापलेला कागद मांडीवर, ओळीवर बोट, आवाज सावकाश. समोर ऐकायला बसलेला माणूस कॉम्प्युटरवाला नसायचाच. कधी स्टोअरचा कारकून असायचा, कधी कँटीनमधली वाढपी बाई, कधी रिअॅक्टरवरचा ऑपरेटर. ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडली की त्या थांबायच्या, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढायच्या आणि त्या ओळीखाली रेघ मारायच्या.

"इथे अडलात ना? मग चूक माझी."

ऐकणारा ओशाळून म्हणायचा, "नाय ताई, आमालाच यातलं काय कळत नाय."

"तुम्हाला कळत नाही ते मशीनचं. काम तुमचंच आहे ना? मग तुम्हाला कळलं पाहिजे."

आमचा कारखाना महाडच्या औद्योगिक वसाहतीत, बिरवाडीच्या बाजूला. रंग तयार करणाऱ्यांना लागणारी रसायनं आम्ही बनवायचो. मी तिथल्या प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी लागलो तेव्हा शैलाताई टेलिफोन ऑपरेटर होत्या. गेटजवळच्या खोलीत वायरींच्या बोर्डासमोर बसायच्या. पोलादपूरहून कंपनीच्या बसने यायच्या, घरी आई आणि त्या, दोघीच. तेव्हा त्या पस्तिशीच्या असाव्यात. फोनवर त्यांनी कधी 'हॅलो' म्हटलेलं मला आठवत नाही. "बोला," एवढंच म्हणायच्या, आणि ते इतकं स्वस्थ म्हणायच्या की तावातावाने बोलायला आलेला माणूसही थोडा सावरून बसायचा. आकडे सांगायची त्यांची एक रीत होती. पाचशे दोन असं नाही म्हणायच्या. "पाच, शून्य, दोन. परत सांगते." समोरचा म्हणायचा, अहो कळलं. तरी त्या परत सांगायच्या.

त्यांच्या बोर्डाशेजारी एक जाड वही असे. शिफ्ट बदलताना पुढच्या ऑपरेटरसाठी त्यात निरोप लिहायचे. दुसऱ्या ऑपरेटर बाई लिहायच्या, 'मुंबई दोनदा. साहेबांना सांगणे.' शैलाताईंचे निरोप मी एकदा सहज चाळले आणि वाचतच बसलो. 'मुंबई ऑफिसचा फोन सकाळी दहाला आणि साडेअकराला आला. दोन्ही वेळा खरेदी विभागाच्या बाईच बोलत होत्या. साहेब प्लँटमध्ये होते म्हणून जोडता आला नाही. त्यांना टँकरची तारीख हवी आहे, बाकी काही काम नाही. साहेब चारनंतर टेबलाशी असतात.' एवढं सगळं सुवाच्य अक्षरात. एका निरोपाला अर्धं पान.

मी म्हटलं, "ताई, एवढं लिहायला वेळ कुठून आणता?"

"वाचणाऱ्याचा वेळ वाचतो त्यातून."

मग कारखान्यात आपोआप जोडणारं टेलिफोन एक्स्चेंज आलं आणि दोन ऑपरेटरचं काम संपलं. दुसऱ्या बाई पॅकिंगमध्ये गेल्या. शैलाताईंनी साहेबांकडे जाऊन सांगितलं की मला कॉम्प्युटर शिकायचाय. साहेब म्हणजे आमचे वर्क्स मॅनेजर कुलकर्णी. त्यांना वाटलं असावं, बाई टायपिंग करतील. त्यांनी होकार दिला. ताई वर्षभर महाडला संध्याकाळच्या क्लासला गेल्या, विशीतल्या मुलामुलींबरोबर बाकावर बसल्या, आणि एके दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "सुहास, तू बॅच शीट हाताने काढतोस ते मला एकदा पहिल्यापासून सांग. मी काही विचारलं तर रागावू नकोस."

बॅच शीट म्हणजे एका घाण्याला कुठला माल किती घालायचा त्याचा कागद. आमच्या कामात आम्ल लागायचं आणि प्रत्येक टँकरच्या आम्लाची शक्ती थोडी वेगळी असायची. शक्ती कमी म्हणजे आम्लात पाणी जास्त, म्हणून वरून घालायचं पाणी तेवढं कमी करायचं. रोज सकाळी आम्ही कॅल्क्युलेटरवर हे गणित करायचो. रोज तेच ते.

मी सांगायला बसलो. वाटलं होतं, अर्ध्या तासात संपेल. तीन दिवस लागले. ताई विचारायच्या, "हे वजा का करतोस?" मी म्हणायचो, "करतात." "कोण करतं? का?" तेव्हा माझ्या ध्यानात यायचं, की मलाही माहीत नाही, माझ्या आधीच्या केमिस्टने सांगितलं म्हणून मी करतोय. मग मी पुस्तकं उघडायचो. त्या तीन दिवसांत माझं स्वतःचं काम मला पहिल्यांदा कळलं असं म्हटलं तरी चालेल.

प्रोग्राम लिहिताना त्यांचा सर्वांत जास्त वेळ नावं ठेवण्यात जायचा. प्रोग्राममध्ये प्रत्येक आकड्याला एक नाव द्यावं लागतं, आणि त्या काळच्या त्या भाषेत नावाला दहाच अक्षरं मिळायची, तीही रोमन. क्लासमधली मुलं ए, बी, सी अशी नावं देऊन मोकळी व्हायची. ताई दहा अक्षरांसाठी दिवस घालवायच्या. एकदा बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या. नडगावच्या पुढे एकदम म्हणाल्या, "बसलं. आम्लशक्ती. रोमनमध्ये बरोबर दहा." चेहरा असा उजळला होता की पुढच्या बाकावरच्या दोघी वळून बघायला लागल्या.

दुसरी त्यांची खोड म्हणजे टिपा. प्रोग्राममध्ये मशीनने न वाचता सोडून द्यायच्या ओळी लिहिता येतात, माणसांसाठी. ताई प्रत्येक पायरीच्या डोक्यावर अशी एक ओळ लिहायच्या, आणि ती नेहमी 'कारण' या शब्दाने सुरू व्हायची. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "काय केलंय ते खाली दिसतंच आहे. का केलं ते मी सांगितल्याशिवाय कसं कळणार?"

प्रोग्राम तयार झाला. छापून झाला. आणि ताईंनी तो वाचून दाखवायला बोलावलं ते गंगारामदादांना.

गंगाराम कदम शिवथरकडचे. पंधरा वर्षं रिअॅक्टर, म्हणजे रसायनं ढवळायची मोठी बंद टाकी, चालवत होते. चौथीपर्यंत शिकलेले, पण आतल्या मालाच्या आवाजावरून ढवळणी कशी चाललीय ते सांगायचे. त्यांना प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसवून ताईंनी वाचायला सुरुवात केली. मी पलीकडे काम करत ऐकत होतो. खरं सांगायचं तर मला हसू येत होतं.

"घालायचं पाणी," ताई वाचत होत्या, "म्हणजे कृतीतलं पाणी, वजा आम्लातलं पाणी."

गंगारामदादा म्हणाले, "आन धुवान?"

"कसलं धुवण?"

"पावडर टाकून झाली की तिची लाइन, नळी गो, धुवून घेतो ना ताई. नाय धुतली तर चोंदते. ते पानी कुटं जातं? आतच जातं."

ताईंनी पेन्सिल काढली. "किती पाणी असतं ते?"

"तीन बादल्या. साठ लिटर धर."

मी हातातलं काम खाली ठेवलं. चार वर्षं मी त्या कागदांवर सह्या करत होतो आणि चार वर्षं प्रत्येक घाण्यात साठ लिटर पाणी जास्त जात होतं. कोणी मला सांगितलं नव्हतं, कारण मी कोणाला विचारलं नव्हतं. माल थोडा कमी का उतरतो यावर आम्ही किती बैठका घेतल्या होत्या, आणि उत्तर रोज बादलीतून आत ओतलं जात होतं. गंगारामदादांना मी विचारलं, "तुम्ही कधी बोलला नाहीत?" ते म्हणाले, "तुमचा कागद आमाला कोन वाचून दाखवतंय? आकडा यायचा तेवढं टाकायचं."

ताईंनी ती ओळ बदलली. कृतीतलं पाणी, वजा आम्लातलं पाणी, वजा धुवणपाणी. धुवणपाणी रोमनमध्ये लिहिलं की तेही दहाच अक्षरं होतं. वरच्या टिपेत त्यांनी लिहिलं: 'कारण पावडर घातल्यावर लाइन धुतात ते पाणीही आत जातं. गंगाराम कदम यांनी सांगितलं.' पुढच्या महिन्यापासून माल जास्त उतरू लागला. गंगारामदादांना तो कागद फार आवडला असावा. आपलं नाव असलेलं पान त्यांनी मागून घेतलं आणि घरी नेलं.

तो प्रोग्राम मात्र सावकाश चालायचा, हे मान्य केलं पाहिजे. ताई प्रत्येक पायरीचं उत्तर पडद्यावर दाखवायच्या, फाईलमध्ये लिहून ठेवायच्या आणि मगच पुढे जायच्या. एक शीट निघायला चार मिनिटं लागायची. मधेच वीज गेली की पहिल्यापासून. आणि आमच्याकडे वीज जायचीच. प्रिंटरसमोर शिफ्टचे केमिस्ट ताटकळत उभे राहायचे आणि कुजबुजायचे. मीही कुजबुजलोय.

अशातच निखिल आला. मुंबईकडचा, रीतसर कॉम्प्युटर शिकलेला, चोवीस-पंचवीस वर्षांचा. हसतमुख आणि कामाला वाघ. त्याने ताईंचा प्रोग्राम बघितला, दोन दिवस बसला आणि तेच काम बारा ओळींत करून दाखवलं. सहा सेकंदांत शीट बाहेर. केमिस्ट मंडळींनी टाळ्या वाजवल्या. साहेब खूश झाले. दुसऱ्या दिवसापासून निखिलचा प्रोग्राम सुरू झाला आणि ताईंना ड्रमवर चिकटवायची लेबलं छापायचं काम मिळालं.

त्या भांडल्या नाहीत. निखिलकडे गेल्या आणि विचारलं, "यातला हा के म्हणजे काय रे?"

"ताई, तो एक आकडा आहे. सगळं त्यात आलंय."

"सगळं म्हणजे काय काय?"

तो हसला. "माझ्या डोक्यात आहे. तुम्ही काळजी करू नका."

"डोकं चांगलंच आहे तुझं," ताई म्हणाल्या. "पण ते तू घरी जाताना घेऊन जातोस ना."

एवढंच. नंतर मला दिसलं, की दुपारच्या सुट्टीत ताई निखिलच्या त्या बारा ओळी वहीत उतरवून बसल्यात. एकेका ओळीसाठी एकेक पान. ओळ वर, खाली मराठीत अर्थ, खोडाखोड, प्रश्नचिन्हं. मला वाटलं होतं, चुका शोधतायत. तसं नव्हतं. एकदा मला बोलावून म्हणाल्या, "बघ, इथे पोराने भागाकारच टाळलाय. आधीच करून ठेवलाय. हुशार आहे हं." ज्याच्यामुळे आपलं काम गेलं त्याची तारीफ त्या डब्यातली नाचणीची भाकरी खात खात करत होत्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "ताई, तुम्हीच थोडं आटोपशीर लिहिलं असतं तर ही वेळ आली नसती. एवढा हट्ट कशासाठी?"

त्यांनी भाकरी संपवली. डबा बंद केला. मग जे सांगितलं ते त्यांनी कारखान्यात दुसऱ्या कोणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

त्या ऑपरेटर होऊन वर्षच झालं होतं. एका दुपारी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका गावातून फोन आला. "मोरेला सांगा, बा सिरियस हाय, लगेच ये म्हनावं." बोर्डावर आणखी तीन फोन वाजत होते आणि शिफ्ट संपत आली होती. ताईंनी चिठ्ठीवर लिहिलं: 'मोरे. घरी ताबडतोब.' आणि बसला पळाल्या. कारखान्यात मोरे दोन होते. एक बॉयलरवर, एक पॅकिंगला. पुढच्या ऑपरेटरने चिठ्ठी बॉयलरवरच्या मोरेला पाठवली. तो धावत बिरवाडीला आपल्या खोलीवर गेला, तर बायको धुणं वाळत घालत होती. तो परत आला, चौकशी झाली आणि पॅकिंगच्या मोरेला कळलं तोवर डोंगरातली शेवटची एसटी निघून गेली होती. तो पोलादपूरहून चालत वर गेला. वडील त्याआधीच गेले होते.

"मला माहीत होतं कुठला मोरे ते," ताई म्हणाल्या. "गावाचं नाव ऐकलं होतं मी. माझ्या डोक्यात होतं. चार शब्द जास्त लिहायचे होते, बस."

"मग तो काही बोलला तुम्हाला?"

"एक शब्द नाही. अजून रोज गेटवर भेटतो, 'काय ताई, बरं हाय ना' विचारतो. त्याला माहीतच नाही चिठ्ठी मी लिहिली होती. मी तीनदा सांगायला गेले. तीनदा परत आले."

एवढं बोलून त्या उठल्या आणि लेबलं छापायला गेल्या. मी त्यानंतर तो प्रश्न पुन्हा काढला नाही.

दीड वर्षाने निखिलला बंगळूरला नोकरी लागली. जाताना सगळ्यांना पेढे दिले. त्याच पावसाळ्यानंतर आमच्याकडे नवा रिअॅक्टर बसला, जुन्याच्या दीडपट. साहेबांनी सांगितलं, शीटमध्ये सगळं दीडपट करा. आम्ही मालाचा आकडा चारशे किलोऐवजी सहाशे घातला, सहा सेकंदांत शीट आली, मी सही केली.

पहिला घाणा सकाळी चढवला. पावडर गेली, पाणी गेलं, आम्ल सोडायला सुरुवात झाली. आम्ल सोडताना माल तापतो, हे अपेक्षितच असतं. पण तापमानाचा काटा थांबेना. पन्नास, पंचावन्न, साठ. गंगारामदादा काट्याकडे बघत नव्हते. रिअॅक्टरच्या झाकणाशी कान देऊन उभे होते.

"माल घट्ट झालाय," ते म्हणाले. "ढवळणी रडतेय." आणि कोणाला न विचारता त्यांनी आम्लाची वाट बंद केली आणि थंड पाणी पूर्ण सोडलं. मी म्हणालो, "दादा, साहेबांना विचारून..." ते म्हणाले, "तू जा विचारायला. मी हितं हाय."

काटा पासष्टच्या वर जाऊन थबकला. मग हळूहळू उतरला. तेवढा वेळ आम्ही चार-पाच जण त्या प्लॅटफॉर्मवर काट्याकडे बघत उभे होतो. काट्याने ऐंशी ओलांडले असते तर काय झालं असतं ते मला पुस्तकातून माहीत होतं. गंगारामदादांना पुस्तकाशिवाय माहीत होतं.

पुढचे दोन दिवस नवा रिअॅक्टर बंद. आम्लाची शक्ती मी पाच वेळा तपासली. पावडर तपासली. थंड पाण्याच्या नळ्या उघडून पाहिल्या. सगळं ठीक. निखिलचा प्रोग्राम उघडून चार जणांनी बघितला आणि परत बंद केला. बारा ओळी होत्या, पण एकही कळत नव्हती. साहेबांचा आवाज चढायला लागला होता. सही माझी होती.

तिसऱ्या दिवशी कँटीनमध्ये शैलाताई माझ्यासमोर येऊन बसल्या आणि विचारलं, "सुहास, नव्या रिअॅक्टरची पावडरची लाइन किती लांब आहे?"

"लांब कसली, डोक्यावरच तर आहे पावडरचा हॉपर. दोन हात असेल. का?"

त्या उठून सरळ प्लँटवर गेल्या. मी मागोमाग. "दादा, नव्या लाइनला धुवण किती लागतं?"

"आता कसलं धुवान गो. एक बादली. बस झालं."

ताईंनी वही उघडली. निखिलच्या चौथ्या ओळीचं पान. तिथे तो के होता, १.३५. खाली ताईंच्या अक्षरात पानभर खटपट आणि शेवटी एक वाक्य: 'दर किलोला दीड लिटर पाणी ही कृती, त्यातून धुवणाचे साठ लिटर चारशे किलोंवर वाटून वजा केलेले दिसतात. निखिलला विचारायचे.' विचारायचं राहून गेलं होतं.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सहाशे किलोंना नऊशे लिटर पाणी हवं होतं. प्रोग्रामने धुवणपाणीही दीडपट केलं, म्हणजे साठऐवजी नव्वद लिटर कापलं; आणि प्रत्यक्षात धुवणातून आत गेलं फक्त वीस. सत्तर लिटर पाणी कमी पडलं होतं. माल घट्ट, आणि घट्ट म्हणून गरम.

साहेबांच्या केबिनमधून ताईंनी बंगळूरला फोन लावला. किती वर्षांनी त्या पुन्हा ऑपरेटरसारखा फोन जोडत होत्या. "बोला" म्हणायची सवय, पण त्या दिवशी बोलणाऱ्या त्या होत्या. "निखिल, तुझा तो के. एक, दशांश, तीन, पाच. परत सांगते. त्यात धुवणाचं पाणी धरलंयस का?"

 स्पीकरवर आम्ही सगळे ऐकत होतो.

"ताई," निखिल म्हणाला, "काहीतरी वजा केलं होतं खरं. पण काय ते... मलाच आता आठवत नाही हो."

"असू दे," ताई म्हणाल्या. "मला सापडलंय. तू जेवलास का?"

साहेबांनी त्यांना विचारलं, हा आकडा बदलून द्याल का. ताई म्हणाल्या, आकडा बदलून उपयोग नाही, मला आठ दिवस द्या. आठ दिवसांत त्यांनी नवा प्रोग्राम लिहिला. नावं दहा अक्षरांची, टिपा 'कारण'ने सुरू होणाऱ्या, रिअॅक्टरगणिक धुवणपाणी वेगळं. निखिलची भागाकार टाळायची युक्ती त्यांनी एका ठिकाणी ठेवली होती आणि वर लिहिलं होतं: 'कारण इथे मशीनचा फार वेळ जात होता. ही युक्ती निखिलची. न कळल्यास खालच्या तीन ओळी वापराव्या, उत्तर तेच येते.'

शीटला आता दीड मिनिट लागायचं. साहेब म्हणाले, "अजून थोडं कमी नाही का होणार?"

"होईल. पण मग तुम्हाला वाचता येणार नाही."

"मी कशाला वाचतोय, बाई?"

ताईंनी छापलेला गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसून राहिल्या. साहेबांनी नाइलाजाने पहिलं पान घेतलं. मनात वाचत होते. ताई म्हणाल्या, "मोठ्याने वाचा ना." आणि कुलकर्णीसाहेब, ज्यांच्या पायांचा आवाज आला तरी पॅकिंगवाले गप्प व्हायचे, ते वाचू लागले. तिसऱ्या पानावर थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "उन्हाळ्यात आपण आम्ल सावकाश सोडतो? हे मला माहीत नव्हतं." मी म्हटलं, "गंगारामदादा सोडतात, साहेब." वरच्या टिपेत तसं लिहिलंच होतं.

हा प्रोग्राम सहा-सात वर्षं चालला. त्या काळात त्यात पुष्कळ बदल झाले आणि त्यातले निम्मे ताईंनी केलेच नाहीत. पॅकिंगमधून आलेली एक मुलगी करायची, मी दोन केले. पुढे मुंबईच्या मुख्य ऑफिसने सगळ्या कारखान्यांसाठी तयार सिस्टिम विकत घेतली आणि ताईंचा प्रोग्राम बंद झाला. त्यात चूक काही नव्हतं, दिवस बदलले होते. ताईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी भाषणं झाली. त्यांना बोलायला सांगितलं तर म्हणाल्या, "माझ्या टेबलाच्या वरच्या खणात एक कागद आहे, कुठे काय ठेवलंय त्याचा. कोणी नीट वाचला तर मला फोन करावा लागणार नाही. पण करा." लोक हसले. गेटकडे जाताना मी पाहिलं, पॅकिंगचा मोरे त्यांच्याबरोबर चालत होता. दोघं कडेच्या बदामाच्या झाडाखाली थांबली. ताई काहीतरी सांगत होत्या, बराच वेळ. मोरे मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि बसपर्यंत पोचवली. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, पण अंदाज आहे.

त्यानंतर माझी आणि त्यांची एकच भेट झाली. मी महाबळेश्वरला निघालो होतो आणि पोलादपूरला एसटी बदलायची होती. तासभर वेळ होता म्हणून त्यांच्या घरी गेलो. आई म्हणाल्या, "शैला शाळेत गेलेय. शिकायला." साठीकडे झुकलेली बाई शाळेत काय शिकते म्हणून मी तिकडे गेलो. शाळा सुटली होती. एका वर्गात एक निवृत्त गुरुजी चार-पाच माणसांना मोडी शिकवत होते. गावातल्या जुन्या कागदांत पाण्याच्या वाटेचा काही करार सापडला होता आणि तो कोणालाच वाचता येत नव्हता. ताई पहिल्या बाकावर होत्या. केस बरेच पिकले होते. समोर झेरॉक्सचा कागद, हातात भिंग.

मला बघून त्यांनी शेजारी जागा करून दिली आणि कागद सरकवला. आधी आडवी रेघ ओढलेली आणि तिला लोंबकळणारी अक्षरं, एकातून दुसरं निघालेलं. शब्द कुठे संपतो ते कळत नव्हतं.

"हात न उचलता लिहायचे," ताई म्हणाल्या. "म्हणजे भराभर होतं. लिहिणारा हुशार होता रे. अक्षर बघ किती सफाईचं आहे." मग भिंग एका जागी धरून थोड्या हळू आवाजात म्हणाल्या, "फक्त त्याला वाटलं असेल, वाचणारा आपल्या ओळखीचाच असणार."

गुरुजींनी त्यांना वाचायला सांगितलं. ताईंनी बोट ठेवलं आणि मोठ्याने सुरुवात केली. चार शब्द गेले आणि पाचव्यावर अडल्या. माझ्या गाडीची वेळ झाली होती. येतो म्हटलं, त्यांनी मान हलवली, पण नजर कागदावरून काढली नाही. दारातून मी वळून बघितलं तेव्हा त्या पुन्हा ओळीच्या सुरुवातीला आल्या होत्या.